मायचा खोकला

माझ्या मायचा खोकला मोठ्या स्पीकरवर वाजून राहिला होता अन् वर्गातले लोक माना डोलवून राहिले होते.

नागपुरात, सदरमध्ये, एका दुकानाच्या वरच्या माळ्यावर आमचा फिल्मचा वर्ग भरते. काळे पडदे. गुळगुळीत फरशी. एसी इतका थंड की ओढणी लपेटून बसा लागते. त्या दिवशी पडद्यावर फक्त लाल रंग होता. मिरचीचा ढीग इतक्या जवळून घेतलेला की ती मिरची आहे हेही समजत नव्हतं. अन् वरून खोकला. एकदा. मंग तोच पुन्हा. मंग तोच उलटा फिरवलेला. रिया म्हणून एक पोट्टी आहे वर्गात, साउंडचं काम तिच्याकडे. तिनं तो खोकला कॉम्प्युटरवर कापून, जोडून, त्याचा ठेका बनवला होता. खक्. खक्-खक्. खक्. माझ्या बाजूचा पोट्टा बुटाच्या टोकानं फरशीवर ताल धरून बसला होता.

खोकला संपला की माय श्वास ओढते, तेव्हा बारीक शिट्टी वाजल्यासारखं होते. ती शिट्टीही ठेवली होती. ती मी लहानपणापासून ओळखतो. गर्दीतही ओळखीन.

लाइट लागले. टाळ्या पडल्या. सर उभे राहिले.

"ब्युटिफुल! बघा, माणूस गळून पडला आणि फक्त लय उरली. हेच मी इतके महिने सांगतोय तुम्हाला."

मंग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि हे सगळं आपल्याला हिच्यामुळे मिळालं. हिच्यासाठी पण टाळ्या."

पुन्हा टाळ्या. अन् मी हसली. हे लिवतानी लाज वाटते, पण लिवतो. माझ्या मायचा गळा सोलून पडद्यावर वाळत टाकला होता अन् मी दात काढून हसली.

मी भिवापूरची. मिरचीचं गाव. हंगाम आला की गावात सातरे लागतात. सातरा म्हणजे टिनाचं लांब शेड. त्यात बाया ओळीनं बसून वाळल्या मिरचीचे देठ खुडतात. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. माझी माय तिथं माझ्या जन्माच्या पहिलेपासून बसते. हंगामात तिनं कधी माझ्या तोंडाले हात लावला नाही. बोटांत तिखट मुरलेलं राहते, लेकराच्या डोळ्यात गेलं तर लेकरू तडफडते. लाड आला की ती कोपरानं माझे केस मागं सारे. मले वाटे, सगळ्यांच्याच आया कोपरानं लाड करतात.

बारावी झाल्यावर मी नागपुरात आली. गांधीबागेत साडीच्या ठोक दुकानात कामाले लागली. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांले मोबाईलवर पाठवाचे साड्यांचे व्हिडिओ काढाचं काम माझ्याकडे आलं. उजेड कुठून आला की काठ चमकते, घडी किती हळू उलगडली की पाहणारी बाई थांबते, हे मले कोणी शिकवलं नाही. मीच करून करून शिकली. सेठ म्हणे, "बेटा, तेरे हाथ में कला है." मले ते खरं वाटलं. म्हणून मी रविवारचा हा वर्ग लावला. प्रायोगिक फिल्मचा. गोष्ट नसलेली फिल्म, नुसतं चित्र अन् आवाज. मले ते आवडलं होतं, खोटं कायले बोलू? माझ्या साड्यांच्या व्हिडिओतही गोष्ट नसते.

पहिल्या दिवशी एकेकानं उभं राहून ओळख द्याची होती. मी म्हटलं, "मी भिवापूरहून येतो."

वर्ग खदखदा हसला. आमच्याकडे बाईही येतो-जातोच म्हणते. माझी आजी तसंच बोले, माय तसंच बोलते. सर बाहेरगावचे, मोठ्या शाळेत फिल्म शिकून आलेले. ते हसून म्हणाले, "येतो? तू मुलगा आहेस का?" मंग नाव विचारलं. सांगितलं. "पुढे काय?" आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. तो "अच्छा" कसा असते हे ज्याले माहीत आहे त्याले सांगा लागत नाही, अन् ज्याले माहीत नाही त्याले सांगून समजत नाही.

मंग आई काय करते. मिरची खुडते म्हटलं, तसे सर खुर्चीत पुढं सरकले.

"अरे! तू तर खजिना घेऊन आली आहेस."

त्या दिवसापासून मी वर्गात शिकाले आलेली पोट्टी राहिलीच नाही. बाकीच्यांले कॅमेरा हातात दिला. मले विचारत राहिले, तिकडे उजेड कसा असतो, बायका किती असतात, आपल्याला आत जाऊ देतील का.

मी माझी एक छोटी फिल्म बनवली होती. गांधीबागेत दिवसभर साड्या उघडून दाखवणारे अन् पुन्हा घडी घालणारे हात. फक्त हात अन् कपड्याचा आवाज. सरांनी अर्धीच पाहिली. "जाहिरातीसारखं आहे. दुकानाने तुझा डोळा बिघडवलाय. तू तुझं दुःख का नाही घेऊन येत?"

दुःख घेऊन ये. जसं काही डब्यात भरून आणाचं आहे. रियानं त्याच दिवशी आपल्या घरच्या झुंबराचा व्हिडिओ दाखवला होता. काचा हलतात, भिंतीवर उजेड हलते. छान होता. तिले कोणी दुःख मागितलं नाही. तिच्याकडे झुंबर चालते, माझ्याकडून दुःखच पाहिजे!

तरी मी नेलं त्याइले, सरांले अन् वर्गाले, सातऱ्यावर. माझ्या पायानं. कोणी जबरदस्ती केली नाही, हेही लिवतो.

मायनं आठ दिवसांपासून सातऱ्यात सगळ्यांले सांगून ठेवलं होतं, माह्या पोरीचे मास्तर येऊन राहिले, नागपूरहून. त्या दिवशी ती मी गांधीबागेतून नेलेली निळी साडी नेसून कामावर आली होती. मिरचीत बसाले नवी साडी! बाकीच्या बाया हसत होत्या तिले. आमची गाडी आली, माय उठून उभी राहिली, सरांले नमस्कार केला. सरांनी अर्धा नमस्कार केला अन् इंग्रजीत कॅमेरावाल्याशी बोलले. मंग मले बाजूले घेऊन म्हणाले, "साडी बदलायला सांग. रोजची असेल ना काहीतरी?"

मी सांगितलं. माय पोत्यांच्या मागं गेली अन् शेजारणीचं जुनं लुगडं मागून नेसून आली. निळ्या साडीची घडी घालून ती माझ्या हातात दिली, म्हणे, "धर, तिखट लागंल."

मंग ते लोक तयार झाले. पिशवीतून मास्क काढले, जाड, पांढरे. डोळ्याले प्लास्टिकचे मोठे चष्मे. हातात मोजे. सगळ्यांले पुरले. मले पण दिला एक, मी लावला. बाया पदर नाकाले बांधून बसल्या होत्या.

टिनाच्या भोकांतून उन्हाचे पट्टे येत होते. सर म्हणाले, "लाइट सुंदर आहे, पण मेलाय. यात धूळ हवी. लाल धूळ." कोपऱ्यात व्यापाऱ्याचा मोठा उभा पंखा होता, माल भरतानी तो बाहेरच्या अंगाले लावतात. "तो लावा."

आता, सातऱ्यात बाया बसल्या असतानी पंखा लावत नाहीत. झाडू मारत नाहीत. पोतं झटकत नाहीत. हे गावातल्या चार वर्षांच्या लेकरालेही माहीत आहे. उन्हाळ्यात घामानं चिंब होतात, पण पंखा नाही. तिखट उडालं की ते सरळ छातीत जाते.

सखुबाई म्हणून सगळ्यात म्हातारी बाई आहे, तिनं तिथूनच आवाज दिला, "ओ भाऊ, पंखा नाही लावत इथं!"

मी पण सांगितलं सरांले. सांगितलं होतं. सर म्हणाले, "दोनच मिनिटं. तू सांग ना, तुझं ऐकतील त्या."

मी मायजवळ गेली. माय दाराशी बसे. दाराशी हवा राहते, म्हणून ती जागा ज्याची छाती जास्त खराब झाली त्या बाईले देतात. कोणी लिवून ठेवलं नाही, बायांचं आपसातलं ठरलेलं आहे. मी म्हटलं, "माय, दोन मिनिटं पंखा लावतो म्हणतात."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "तुले लागते का?"

"हो. माझ्या मार्कांचं आहे."

"मंग लावा म्हणा." अन् बायांकडे पाहून म्हणाली, "लावू द्या वं. पोरीचं शिक्षण हाय."

पंखा लागला. सगळं शेड लाल झालं. उन्हाचे पट्टे लाल झाले. सर ओरडले, "वाह! रोल, रोल!" अन् बाया वाकल्या. पहिले सखुबाई, मंग मागची ओळ, मंग माय. माय अशी दुमडली की तिचं डोकं मिरचीच्या ढिगाले लागलं. रियानं लांब काठीचा माइक तिच्या तोंडाशी नेला. तोंडाशी! माय जशी हाले तसा माइक तिच्यामागं हाले.

मी पुढं गेली. दोन पावलं. सरांनी पंजा वर केला.

"फ्रेममध्ये येऊ नकोस."

अन् मी थांबली.

कोणी धरून थांबवलं असतं, ओढलं असतं, तर आज सांगाले बरं वाटलं असतं. मले फक्त एक पंजा दाखवला. अन् मी मास्क लावून, मायची निळी साडी छातीशी धरून, उभी राहिली.

दोन मिनिटांचे किती झाले माहीत नाही. शेवटी सखुबाईनंच उठून, डोळे झाकून, चाचपत जाऊन पंखा बंद केला. सरांनी जातानी बायांले बिस्किटाचे पुडे वाटले अन् वाटतानीचे फोटो काढले. तिखटाच्या हातानं बिस्किट खाता येत नाही. बायांनी पुडे पदरात बांधले.

परतीच्या गाडीत सगळे खुश होते. रिया म्हणाली, "यार, तो साउंड काय मिळालाय!" मी खिडकीतून पाहत होती. मले किळस येत होती. पहिले वाटलं त्यांची येऊन राहिली. मंग हाताले मायच्या साडीचा वास आला, मी ती द्यालेच विसरली होती, अन् समजलं की माझीच येऊन राहिली.

तर त्या फिल्मची ही गोष्ट. टाळ्या झाल्यावर सरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. फिल्म बाहेरच्या देशात महोत्सवाले पाठवाची होती. त्यासाठी एक कागद लागत होता. दोन पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी.

"आईची सही आण. सही येते ना त्यांना? नाहीतर अंगठा चालेल."

"काय लिहिलं आहे सर यात?"

"वाचण्यासारखं काही नाही, नेहमीचं असतं. खाली सही घे. आणि बरं का, सहायक दिग्दर्शक म्हणून तुझं नाव टाकतोय."

माझं नाव पडद्यावर. मी ती गोष्ट मनात घोळवत भिवापूरच्या बसमध्ये बसली. हेही लिवतो. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी खुश होती.

घरी कुलूप होतं म्हणून सरळ सातऱ्यावर गेली. दाराशी पाहिलं, तिथं दुसरी बाई बसून होती. माय पार आतल्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आड, जिथं हवेची झुळूक येत नाही. मी सखुबाईले विचारलं, माय आत काहून बसून राहिली?

सखुबाईनं देठ खुडता खुडता सांगितलं, "तुह्या मास्तरच्या पंख्यानं दोघी बाया आठ दिवस पडून होत्या. त्या म्हणे, हिनंच लावू दे म्हटलं, हिलेच बसू द्या आत. मी काय बोलू? तुह्या मायनंच आपली बसाची बोरी उचलली अन् गेली आत."

मायनं मले फोनवर एक शब्द सांगितला नव्हता. रोज विचारे, जेवली का, वर्ग कसा चालू आहे.

घरी आल्यावर मी तो कागद काढला. सर म्हणाले होते, वाचण्यासारखं काही नाही. मी वाचाले बसली. एकेक ओळ, जो शब्द अडला तो मोबाईलवर पाहून, मायले आपल्या भाषेत सांगत गेली. लिवलं होतं, तुह्या चित्रावर अन् आवाजावर तुहा हक्क राहणार नाही. ते कापतील, जोडतील, बदलतील. सर्व विश्वात वापरतील. आता आहेत त्या अन् पुढं निघतील त्या सगळ्या साधनांवर. कायमचं.

"विश्वात म्हंजे?" माय म्हणाली.

"सगळ्या दुनियेत. दुनियेच्या बाहेरही."

"अन् कायमचं म्हंजे? मेल्यावरबी?"

"हो."

मायनं कागदावर बोट ठेवलं. मंग म्हणाली, "म्हंजे मी मेली तरी खोकलतच राहीन का वं?"

ती मस्करी नव्हती करत. खरंच विचारून राहिली होती.

मी तिले मोबाईलवर फिल्म लावून दाखवली. ती मान वाकडी करून ऐकत होती. उलटा खोकला आला तेव्हा तिनं स्वतःच्या गळ्याले हात लावला, मंग तिखट आठवलं अन् हात काढला.

"हे मी हावो?"

"हो माय."

"अन् मी मिरची कुठं खुडून राहिली? इतक्या वर्साचा हात हाय माहा. साऱ्या सातऱ्यात माह्यासारखा हात कोणाचा नाही. तो नाही घेतला त्यानं?"

"नाही घेतला."

"नुसता खोकलाच?"

"नुसता खोकलाच."

मायनं पदराले हात पुसला अन् पुढं केला. "आण. कुठं करू सही? तुले लागत असंल तर करतो."

तुले लागते का. पंख्याच्या वेळी हेच. कागदाच्या वेळी हेच. उद्या तिचं काळीज काढून मागितलं तरी ती हेच विचारील, तुले लागते का, अन् मी हो म्हणीन, अन् ती देईल. मले स्वतःची शिसारी आली. सरांले दोष देणं सोपं होतं. सरांले मायजवळ जाता येतच नव्हतं. त्याइच्या अन् मायच्या मधात मी होती. सगळं माझ्या तोंडून झालं. साडी बदल म्हणणारी मी. पंखा लावू दे म्हणणारी मी. आता सही कर म्हणणारीही मीच.

मी कागद मागं ओढला.

"माय, मले लागते का ते सोड. तुले काय वाटते ते सांग."

तिले हा प्रश्नच नवा होता. बहुत वेळ विचार केला तिनं. चुलीवर भात उतू आला, उठून झाकण काढलं, पुन्हा येऊन बसली.

"मले नाही आवडलं," म्हणाली. "तो आवाज घरातला हाय."

मी वहीतलं पान फाडलं. मराठीत लिवलं, या फिल्ममधून माझा आवाज व माझं चित्र काढून टाकावं, माझी संमती नाही. दोन वेळा वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा वाचाले लावलं. मंग जीभ दातात धरून, एकेक अक्षर सांभाळत, पूर्ण सही केली.

पुढच्या रविवारी सगळ्या वर्गासमोर सरांनी विचारलं, "आणलास फॉर्म?" मी वहीचं पान दिलं. त्याइनं वाचलं, हसले.

"हे तू लिहिलंयस."

"लिवलं मी. सही तिची आहे."

"तुला कळतंय का तू काय करते आहेस? त्या बाईकडे आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बघितलं."

"तुम्ही नाही पाहिलं सर. तुम्ही चष्मा लावून, मास्क लावून होते. तिले साधा पदर होता."

रिया रडवेली होऊन म्हणाली, "पण मी किती मेहनत घेतली त्या साउंडवर!"

"तर तुह्या आईचा खोकला घे ना," मी म्हटलं. "तिच्या तोंडाशी माइक धर अन् समोर पंखा लाव. मंग दाखव इथं. मी पण ताल धरीन."

बुटानं ताल धरणारा पोट्टा आपल्या बुटाकडे पाहत बसला. सरांचा आवाज बदलला. म्हणाले, असं वागलीस तर प्रमाणपत्र मिळणार नाही. मी म्हटलं, नका देऊ. म्हणाले, भावनेच्या आहारी गेलेल्यांना कला जमत नाही. मी म्हटलं, बरं. मंग शेवटी खरं बोलले.

"हे बघ, फुटेज आमचं आहे. सही नसली तरी अडत नाही. चेहरा कुठे दिसतोय? कोण ओळखणार आहे तिला?"

"मी."

बस. एवढंच बोलली अन् माझ्या जागेवर जाऊन बसली.

त्याइले वाटलं होतं मी उठून जाईन. मी नाही गेली. मी अजूनही दर रविवारी जातो, पहिल्या रांगेत बसतो, कोणी माझ्याशी बोलत नाही. कॅमेरा माझ्या हातात देत नाहीत, तर दुसऱ्याच्या हातात पाहून शिकतो. कापणं शिकून राहिली. जोडणं शिकून राहिली. महोत्सवाचा पत्ता काढला अन् मायच्या त्या पानाचा फोटो, खाली इंग्रजीत अर्थ लिवून, त्याइले पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवीन. ज्या शहरात, ज्या पडद्यावर ही फिल्म लागेल तिथं पाठवीन. अन् नागपुरात लागली तर मी स्वतः जाईन, लाइट बंद झाल्यावर पडद्यासमोर उभी राहीन, म्हणजे सगळ्यांच्या फ्रेममध्ये येईन, अन् मोठ्यानं सांगीन, थांबवा, ही माझी माय आहे अन् तिनं नाही म्हटलं आहे.